बंद जबड्याचा ड्रॅगन

आमच्या कारखान्याच्या नाटकांत मी नोकरीभर काम केलं, पण मला रंगमंचावर पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. कारण मी कायम अंधारात यायचो. दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे गेले की खाट आत न्यायची, कोपऱ्यात तांब्या ठेवायचा आणि दिवे यायच्या आत विंगेत. एका वर्षी दिवेवाल्यानं घाई केली आणि मी खाटेसकट प्रेक्षकांना दिसलो. टाळ्या पडल्या. माझ्या वाट्याच्या एवढ्याच टाळ्या, आणि त्याही दुसऱ्याच्या चुकीमुळे.

बायको दरवर्षी नेमानं यायची. एकदा तिनं निफाडहून माझ्या थोरल्या भावालाही बोलावलं. दादा द्राक्षाची छाटणी सोडून आला, पहिल्या रांगेत बसला आणि पडदा पडल्यावर मला म्हणाला, "तुझा पार्ट कधी हाय?"

"झाला की, दादा."

"कधी?"

"मधे खाट आली ना, ती मीच आणली."

दादानं जरा विचार केला. म्हणाला, "खाट बरी व्हती."

कामगारांच्या नाट्यस्पर्धेत नोकरीत असलेल्यालाच उतरता येतं. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूमला होतो आणि त्या मार्चअखेर निवृत्त होणार होतो. म्हणजे त्याआधीची स्पर्धा शेवटची. त्यानंतर मला खाटसुद्धा कुणी उचलू देणार नव्हतं. एकदा, फक्त एकदा, दिवे चालू असताना तिथं उभं राहायचं आणि बोलायचं, एवढीच माझी इच्छा होती. बोलायचं हे महत्त्वाचं. नुसतं उभं तर झाडंही राहतात, आमच्या बालनाट्यात दोन होती.

त्या वर्षी स्टोअरमधल्या आमच्या लेखकानं ड्रॅगनचं नाटक लिहिलं. गावच्या कालव्यावर एक ड्रॅगन येऊन बसतो, लोक त्याला घाबरून रांगा लावतात, त्याच्यासाठी समित्या नेमतात, आणि शेवटी तो उठून जातो तेव्हा कालवा कोरडाच असतो. वाचनाच्या वेळी कुणीतरी विचारलं, आपल्याकडे चांगला नाग असताना हा ड्रॅगन कशाला? लेखक म्हणाला, "नाग आणला की कुणाच्या तरी भावना दुखावतात. ड्रॅगनचं इथं कुणी नातेवाईक नाही." यावर सगळ्यांचं एकमत झालं.

शेवटी ड्रॅगनचं स्वगत होतं. 'पाणी मी प्यालो नाही रे. मी नुसता बसलो होतो. तुम्ही रांगेत उभे राहिलात, म्हणून मला वाटलं, मी कुणीतरी आहे.' अशी दोन पानं. माझ्यासाठीच लिहिलं असावं असं मला वाटलं. तसं ते तिथं बसलेल्या प्रत्येकालाच वाटलं असणार, पण बाकीच्यांना अजून पुढच्या स्पर्धा होत्या.

आमचा दिग्दर्शक क्वालिटी विभागातला, माझ्या निम्म्या वयाचा. आवाज असा की मशीन चालू असताना त्यानं हळू बोललेलंही ऐकू यावं. तो मला काका म्हणायचा आणि मी त्याला तालमीपुरतं सर. तो म्हणाला, "काका, ड्रॅगन मुंबईहून भाड्यानं आणू. फोमचा मिळतो."

"फोम म्हणजे गादी," मी म्हणालो. "ड्रॅगन चामड्याचा पाहिजे."

"करणार कोण?"

"मी."

"आणि आत?"

"आत मीच. माझ्या मापाचा केल्यावर दुसरा मावणार कोण?"

तो हसला आणि म्हणाला, आधी होऊ तर दे. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. मला अशी सवय आहे.

चामड्याचं काम मी काही वर्षं हौसेनं करत होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि हात चालवायचा. मापं घ्यायच्या व्हर्नियरचं पाकीट, चष्म्याचं घर, बायकोच्या पर्सवर जास्वंद. ती पर्स तिनं एकदाच नेली, कारण भाजीवाल्यानं विचारलं की हे कोबी आहेत का. पण हत्यारांत माझा हात कुणी धरला नसता. टूलरूमचाच माणूस. जाड खिळे घासून मी ठसे केले होते: एक अर्धगोल, एक टोकदार, एक नुसता दाबायचा. आणि लाकडाची मोगरी. कमावलेलं, पण रंग न दिलेलं चामडं ओल्या स्पंजनं पुसायचं आणि थांबायचं. त्याचा मूळ रंग परत यायला लागला, पण आत गारवा आहे, अशा वेळी ठसा मारला की तो लोण्यात बोट रुतावं तसा रुततो आणि कायमचा राहतो. घाई केली तर लगदा, उशीर केला तर नुसता ठक्क आवाज. नोकरीत मला कधी न जमलेलं थांबणं मला त्या चामड्यानं शिकवलं.

खवल्यांवर खवले. छातीवर मोठे, पोटावर आडवे पट्टे, पाठीवर टोकदार, शेपटीकडे बारीक होत गेलेले. रविवारी सकाळपासून गॅलरीत ठोकाठोक. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर येऊन नम्रपणे विचारून गेले, "काही फोडताय की काही बांधताय?" बायको म्हणाली, "ड्रॅगन करतायत." ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. लिफ्टमध्येही मान खाली घालायचे.

माप अगदी माझं. माझं पोट, माझे आखूड पाय आणि वर्षानुवर्षं ग्राइंडरवर वाकून खाली आलेला माझा उजवा खांदा. असा देह कंपनीत दुसरा नाही, याची मी कॅन्टीनच्या रांगेकडे नीट बघून खात्री करून घेतली होती. पाठीवर वाद्या ओवून बांधायची सोय केली, म्हणजे आतल्या माणसाला तो पोशाख स्वतःला काढताही येऊ नये आणि दुसऱ्याला पटकन चढूही नये. माझ्या मते हा डाव होता. मी आयुष्यात फार डाव टाकलेले नाहीत, त्यामुळे मला त्याचं जरा कौतुकच वाटत होतं.

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ड्रॅगन? इकडं लोक द्राक्षं काढून तेच लावू राहिले. तू गॅलरीत लावतो काय?"

"फळ नाही, दादा. अंगात घालायचा. चामड्याचा."

मग, "कशाचं चामडं?"

"म्हशीचं."

"आपल्यात कुणी कातडं हाती धरलं नाय आजवर."

"पायात तर घातलं ना."

"पायातलं पायात असतं," दादा म्हणाला. "तू डोक्यावर घेऊ राहिला." आणि त्यानं हवामानाचा विषय काढला.

डोकं मी सगळ्यात शेवटी केलं. जुन्या हेल्मेटवर शाडूची माती थापून साचा घडवला. कपाळ, भुवया, नाकपुड्या, जबडा. त्यावर भिजवलेलं चामडं ओढून, सुतळीनं आवळून, खोबणीत बोटांनी दाबत बसलो. वाळल्यावर ते डोकं टणक निघालं आणि असं काही दिसलं की मी स्वतः दोन पावलं मागे सरलो. जबडा मिटलेला ठेवला होता. ओठ किंचित वर उचललेले आणि एकात एक घट्ट बसलेले दात, प्रत्येक दात वेगळा कोरलेला. मोकाट तोंड उघडणारे ड्रॅगन मी खूप पाहिले होते, जत्रेतल्या पाळण्यावर असतात तसले. माझा ड्रॅगन राग गिळून बसलेला होता. दिसायला नाकपुड्यांतून जागा ठेवली होती. बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "कुणाची तरी आठवण येते." कुणाची ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी पोशाख चढवून बघितला तो किती वेळा. चालून पाहिलं, खुर्चीत बसून पाहिलं, शेपूट दारात अडकते का तेही पाहिलं. फक्त बोलून पाहिलं नाही. स्वगत मी स्वयंपाकघरात म्हणायचो, कंपनीच्या बसमध्ये म्हणायचो, माझ्या खांद्यावर झोपणाऱ्या शेजाऱ्याच्या कानात म्हणायचो. पण डोकं चढवलं की बायको वाद्या ओढायला मागे असायची आणि म्हणायची, "अहो, बोलू नका, हलतं सगळं." मी गप्प. संसारात जे ऐकायला हवं होतं ते कधी ऐकलं नाही, आणि हे मात्र ऐकलं.

पहिल्या रंगीत तालमीला मी विंगेतून आत आलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. खरंच उठले. लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कालव्यावर बसलो, दम घेतला आणि स्वगत सुरू केलं. जीव ओतून म्हणालो. आत इतकं घुमलं की माझ्याच अंगावर काटा आला. संपवलं. शांतता. मला वाटलं, भारावले.

दिग्दर्शक म्हणाला, "काका, सुरू करा ना."

मी पुन्हा केलं. तो पुढे आला आणि त्यानं जबड्यावर टकटक केलं. "काका, आत आहात ना?"

मग बरंच काही करून पाहिलं. आत गळ्यापाशी माइक लावला, तर मी श्वास घेतला की चामडं करकरायचं आणि स्पीकरमधून सगळ्या हॉलला जुन्या खाटेवर कुणी कूस बदलतंय असं ऐकू यायचं. मी जोरात बोललो, तर बाहेर 'हूं हूं' एवढंच आलं. कुणी म्हणालं, कुकर लावलाय वाटतं. शेवटी दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, आणि हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, तो नीट म्हणाला, "काका, सोपं आहे. जबडा कापा. दातांच्या जागी एवढी खिडकी करा, आतून काळं कापड लावा. आवाज सुटेल. नाहीतर मग मला विंगेतून बोलावं लागेल."

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी ते डोकं मांडीवर घेऊन गॅलरीत बसलो. खडूनं रेघ आखली. सुरी मी स्वतः घासलेली, चामड्यातून पाण्यासारखी जाणारी. रेघ बरोब्बर दातांवरून जात होती. म्हटलं, जरा वर घेऊ. वर ओठ होता. खाली घेतली तर हनुवटीचे खवले, ते तर सगळ्यात चांगले उतरलेले. मी रेघ पुसली, पुन्हा आखली. बायको दोनदा चहा ठेवून गेली. आयुष्यात माझ्या हातून जी एकच गोष्ट अगदी मनासारखी झाली होती, तिचं तोंड मलाच फाडायचं होतं, आणि ते कशासाठी, तर माझ्या आवाजासाठी, जो कसा आहे हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटतं तिथंच सगळं ठरलं. संध्याकाळी मी खडू पुसला आणि चामड्याला तेल लावलं.

बायको म्हणाली, "नाही कापलं?"

"कापलं असतं तर बिघडलं असतं."

"काय बिघडलं असतं?"

मी तेलाची बाटली नीट बंद करत बसलो. तिनं कप उचलले.

स्पर्धेच्या दिवशी वाद्या बांधायला फार वेळ लागतो म्हणून बायकोनं मला आधीच पूर्ण बांधून टाकलं. तेवढ्यात विंगेत नटराजाच्या पूजेची तयारी झाली. पूजा आमच्यातला सर्वांत जुना नट करतो, पेंट शॉपचा, दरवर्षी बापाचं काम करणारा. त्यानं नारळ हातात घेतला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"हे बाहेर."

"काय?"

"चामडं पूजेला चालत नाही. पट्टे काढलेत आम्ही सगळ्यांनी."

दिग्दर्शकानं माझ्या बाजूनं एक प्रयत्न केला. "अहो, पखवाजाला तरी काय असतं? चामडंच ना?"

"पखवाज वाजतो," जुना नट म्हणाला. "हे काय करतं?"

मला उत्तर सुचलं असतं, पण ऐकू कुणाला जाणार होतं? मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. तिथं सगळ्यांच्या चपला होत्या. त्यांच्या मधोमध मी, दोन पायांवर. उशिरा आलेल्या एका कलाकारानं घाईत आपल्या चपला माझ्या शेपटीवर काढल्या आणि आत पळाला. आतून आरती ऐकू येत होती. नंतर कुणीतरी आठवणीनं खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवला. हाताला पंजे, तोंडाला मिटलेले दात. मी तो तुकडा प्रयोगभर मुठीत धरून होतो.

प्रयोग उत्तम झाला. मी आलो तेव्हा प्रेक्षागृहात एक लाट उठली. दिवे पूर्ण माझ्यावर होते. आणि शेवटी विंगेतून दिग्दर्शकाचा आवाज आला, खर्जातला, सावकाश, 'पाणी मी प्यालो नाही रे.' आत मीही म्हणत होतो. ठरलं होतं की मी नुसते हातवारे करायचे, पण इतके महिने पाठ केलेलं तोंडातून थांबेना. तो माझ्यापेक्षा थोडा पुढे होता. त्यामुळे त्याचं वाक्य व्हायचं आणि मग माझा हात उठायचा. परीक्षकांना हे इतकं आवडलं की त्यांनी नंतर लिहिलं, शब्दांच्या मागून येणारी थकलेली देहबोली लक्षवेधी. थकलेली होती हे खरं आहे. आत भट्टी होती.

दादा आला होता. बायको पाठीमागे वाद्या सोडवत असताना तो रंगपटात शिरला. डोकं निघालं, मी घामानं निथळत होतो. दादा माझ्याकडे असा बघत होता की तसं त्यानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"आवाज लय भारी लावला रे," तो म्हणाला. "पार पोटातून. मला माहीतच नव्हतं तुझा असा आवाज हाय म्हणून."

माझ्या पाठीवर वादी ओढणारे बायकोचे हात थांबले. मग पुन्हा ओढू लागले.

"हं," मी म्हणालो.

स्कूटरवरून घरी जाताना बायको मुंबई नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "त्यानं 'कुणीतरी'वर जोर दिला नाही. तुम्ही देता." मी म्हणालो, सिग्नल सुटला.

निकाल लागला. नाटकाला काही मिळालं नाही, वेशभूषेला नाही, नेपथ्याला नाही. अभिनयाचं प्रशस्तिपत्र मात्र मला. ड्रॅगनच्या भूमिकेसाठी, आवाजाच्या प्रभावी वापराबद्दल. कलाकारांच्या यादीत ड्रॅगनपुढे माझंच नाव होतं, मीच आग्रह धरून घालायला लावलेलं. परीक्षकांना आत कोण आणि बाहेर कोण हे कळायचं कारण नव्हतं. मी दिग्दर्शकाकडे गेलो आणि म्हणालो, हे तुझं आहे. तो म्हणाला, "काका, राहू द्या. नाहीतर टीमचं वाईट दिसेल. तुमचं शेवटचं वर्ष आहे." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. असती तर मला जरा बरं वाटलं असतं, रागावता तरी आलं असतं.

मार्चमध्ये कॅन्टीनमध्ये माझ्या निरोपाचा आणि सत्काराचा एकच कार्यक्रम झाला, समोसे वाचतात म्हणून. शाल झाली, नारळ झाला, प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं. कारखान्याचे मोठे साहेब, ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं, ते उत्साहानं म्हणाले, "मग आम्हाला दोन ओळी ऐकवाच." सगळीकडून 'ड्रॅगन, ड्रॅगन' सुरू झालं. नाटक पाहिलेले बरेच जण होते. आमच्या संघातले मात्र एकदम समोसे बघू लागले. साहेबांनी माझ्या हातात माइक दिला.

आता नीट सांगतो. दिवे चालू होते. दिवसच होता. डोक्यावर काही नव्हतं, तोंडासमोर काही नव्हतं, माइक चांगला होता आणि सगळा कारखाना माझ्याकडे बघत होता. जन्मभर मागितलं होतं ते हेच. मी घसा साफ केला आणि म्हणालो. 'पाणी मी प्यालो नाही रे. मी नुसता बसलो होतो. तुम्ही रांगेत उभे राहिलात, म्हणून मला वाटलं, मी कुणीतरी आहे.' जोर जिथं द्यायचा तिथं दिला. माझ्या मते चांगलं झालं. अजूनही माझं तेच मत आहे.

कुणीच टाळी वाजवली नाही. मागच्या टेबलावरून एक जण काळजीनं म्हणाला, "काका, घसा बसला काय?"

"हो ना, स्पर्धेत काय आवाज होता," दुसरा म्हणाला. "खणखणीत."

साहेबांनी माइक हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "हवा बदलतेय," ते म्हणाले. "जपा." दिग्दर्शक समोरच उभा होता. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, नको म्हणून. त्यानं तोंड मिटलं.

"बसलाय जरा," मी सगळ्यांना सांगितलं.

जुना नट उठला. पेंट शॉपमध्ये रंगाच्या वाफांत जन्म गेल्यामुळे घशाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्यानं कॅन्टीनवाल्याकडून कोमट पाणी मागवलं, त्यात स्वतः मीठ ढवळलं आणि मला दंडाला धरून हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं. "चांगल्या खळखळून करा," तो म्हणाला. शाल सांभाळत मी मान मागे टाकली आणि गुळण्या केल्या. सगळे थांबून बघत होते, त्यामुळे मनापासून केल्या. त्यांचा आवाज पार शेवटच्या टेबलापर्यंत गेला.